ओशोग्बोच्या राईपर्यंत : योरुबा प्रदेशातील सात दिवस

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लागोसला राहतो. दोन वर्षांपूर्वी फोनवर बोलता बोलता तो म्हणाला होता, "ताई, इथे आपल्या गावच्या राईसारखी एक राई आहे. तिच्यातून नदी वाहते आणि ऑगस्टमध्ये तिथे मोठी जत्रा भरते." आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. राईतले वाळलेले लाकूडसुद्धा घरी आणायचे नाही आणि घरात काही अडले तर देवाला कौल लावायचा, या दोन गोष्टी मी अक्षरओळखीच्याही आधी शिकले. त्यामुळे नायजेरियाच्या नैर्ऋत्येला राहणाऱ्या योरुबा लोकांच्या मूळ धर्माविषयी वाचू लागले, तेव्हा आपण फार दूरच्या माणसांविषयी वाचत आहोत असे मला वाटेना. शाळेतून निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात पीतज्वराची लस टोचून घेतली, तिचे कार्ड पासपोर्टमध्ये ठेवले आणि लागोस गाठले. पुढील मजकूर रोज रात्री वहीत केलेल्या नोंदींवरून लिहिला आहे.

दिवस पहिला, शनिवार : लागोस ते इबादान

लागोस ते इबादान हा महामार्ग सुमारे १२७ किलोमीटरांचा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना इतकी चर्च आणि इतक्या मशिदी आहेत की जुन्या धर्माला उभे राहायला जागा कुठे उरली असेल, असा प्रश्न पहिल्या तासाभरातच मला पडला. आमच्याबरोबर भावाच्या ओळखीचे एक निवृत्त इतिहासशिक्षक होते. सगळे त्यांना 'बाबा' म्हणतात. योरुबा भाषेतही वडिलांना 'बाबा'च म्हणतात हे कळल्यावर मीही संकोच न करता तसेच म्हणू लागले. माझ्या प्रश्नाला त्यांनी लगेच उत्तर दिले नाही, फक्त दुकानांच्या पाट्यांकडे बोट दाखवले. कुठे 'ओगुनबियी', म्हणजे ओगुन देवाने जन्माला घातलेला. कुठे 'फाग्बेमी', म्हणजे इफा या दैवी वाणीने ज्याची पाठराखण केली तो. पाट्या ख्रिस्ती आणि मुस्लिम दुकानदारांच्या, पण आडनावांत आजोबा-पणजोबांचे देव तसेच बसलेले. अनेक कुटुंबांनी ही नावे बदलली आणि 'इफा' किंवा 'ओगुन' काढून त्या जागी प्रभू या अर्थाचा 'ओलू' घातला, हेही बाबांनी सांगितले.

ओगुन हा लोखंडाचा देव. लोखंडाचा म्हणून रस्त्याचा, मोटारीचा, लोहाराचा, न्हाव्याचा, शल्यवैद्याचा आणि ट्रकखाली उताणे पडून नटबोल्ट आवळणाऱ्या मेकॅनिकचाही. न्यायालयात साक्षीदार बायबलवर किंवा कुराणावर शपथ घेतो, तशी ओगुनला मानणाऱ्या माणसाला लोखंडाच्या तुकड्यावर शपथ घेता येते. साहित्याचे नोबेल १९८६ साली मिळवणारे वोले सोयिंका या ओगुनलाच आपले आराध्य मानत आले आहेत. आमचा ड्रायव्हर नियमाने चर्चला जाणारा होता. तरी लोखंडावर खोटी शपथ घ्याल का, असे विचारल्यावर त्याने मान इतक्या गंभीरपणे हलवली की पुढे काही विचारावेसे वाटले नाही.

संध्याकाळी इबादानच्या बाजारात पानेमुळ्या विकणाऱ्या बायकांची रांग पाहिली. त्यांना 'एलेवे ओमो' म्हणतात. त्यांपैकी कित्येक जणी मुस्लिम होत्या, पण कोणत्या दुखण्याला आणि कोणत्या विधीला कोणते पान लागते ते त्या न अडखळता सांगत होत्या. पानाच्या नावातले एखादे अक्षर त्याच्यासोबत म्हणायच्या मंत्रातील क्रियापदाशी जुळलेले असते, त्यामुळे नाव आठवले की मंत्र आठवतो आणि मंत्र आठवला की गुण. या धर्माला एकच एक पवित्र ग्रंथ नाही. मग तो कुठे ठेवलेला आहे, याचा पहिला धागा मला त्या बाजारात मिळाला.

दिवस दुसरा, रविवार : ओयो

ओयो हे शांगोचे गाव. शांगो हा गडगडाटाचा आणि विजेचा देव. परंपरा सांगते की तो ओयोचा राजा होता आणि मरणानंतर देव झाला. त्याचा शेवट कसा झाला यावर जुना वाद आहे. शत्रू म्हणत, त्याने गळफास घेतला. भक्त आजही त्याला 'ओबा कोसो' म्हणतात, म्हणजे राजाने फास घेतला नाही. एखाद्या देवाचे नावच त्याच्यावरील आरोपाचे खंडन असावे, हे मी पूर्वी कुठे पाहिले नव्हते.

आजचे ओयो हे खरे जुने ओयो नव्हे. उत्तरेकडील जुनी राजधानी अंतर्गत बंड आणि इलोरिनकडून झालेली आक्रमणे यांत उद्ध्वस्त झाली आणि १८३० च्या दशकात अतिबा राजाने इथे नवी वसवली. त्या पडझडीत पकडलेली असंख्य माणसे गुलाम म्हणून अटलांटिक ओलांडून क्युबात आणि ब्राझीलच्या बाहिया प्रांतात विकली गेली. अंगावरच्या वस्त्राशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हते, पण स्तोत्रे तोंडपाठ होती आणि ढोलांचे बोल हातांत होते. म्हणून तिकडे शांगो आजही नांदतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरात आणि त्रिनिदादमध्ये तर संपूर्ण पूजापद्धतीलाच त्याचे नाव पडले.

दुपारी एका वाड्याच्या चौकात शांगोचे बाता वाजताना ऐकले. बाता हा दोन तोंडांचा, एका बाजूस निमुळता ढोल असतो. संचातल्या मुख्य ढोलाला 'इया इलू', म्हणजे आई-ढोल म्हणतात. योरुबा भाषेत उच्च, मध्यम आणि खालचा असे तीन स्वर आहेत आणि स्वर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून वाक्याचे स्वर ढोलावर काढले की जाणत्याला ते वाक्य ऐकू येते. बाबा माझ्या कानाशी लागून सांगत होते: हे शांगोचे बिरुद, हे त्याच्या आईचे नाव, हे आता आलेल्या पाहुणीचे स्वागत. पाहुणी म्हणजे मी आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला आणि मग डोळे भरून आले. वादकांची घराणी असतात आणि ढोलाच्या देवतेवरून त्यांची नावे 'आयान' या शब्दाने सुरू होतात. त्या दिवशीचा मुख्य वादक मध्येच नमाजासाठी उठून गेला आणि परत येऊन त्याच ठेक्यावर बसला.

शांगोच्या पुजाऱ्यांत पुरुषही बायकांसारखी वेणी घालतात, कारण दीक्षा घेतलेला प्रत्येक जण देवाची नवरी मानला जातो. देव अंगात येणाऱ्या माणसाला आपल्याकडे 'झाड' म्हणतात. इथे त्याला 'एलेगुन' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर देव स्वार होतो तो. युनेस्कोने ओयोच्या शांगो उत्सवाचा २०२३ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. चौकातल्या म्हाताऱ्या बायकांना ते ठाऊक होते आणि त्यांना त्याचा आनंदही होता. पण त्यांची खरी काळजी, नैवेद्याचा आमाला, म्हणजे सुरणासारख्या याम कंदाच्या पिठाचा घट्ट गोळा, वेळेवर शिजेल की नाही ही होती.

दिवस तिसरा, सोमवार : इले-इफे

जग इथे सुरू झाले, असे योरुबा मानतात. सर्वत्र पाणी होते तेव्हा ओलोदुमारे या परमेश्वराने ओबातालाला साखळी, गोगलगाईच्या शंखात भरलेली माती आणि पाच बोटांची कोंबडी देऊन खाली पाठवले. वाटेत तो ताडी पिऊन झोपला, तेव्हा ओडुडुवा या दुसऱ्या देवाने ते सामान घेतले, पाण्यावर माती टाकली आणि कोंबडीने ती पायांनी उकरून चहूकडे पसरली. ओबातालाच्या भक्तांना ताडी वर्ज्य आहे ती या चुकीमुळे. देव चुकला आणि त्या चुकीचे पथ्य भक्त आजवर पाळत आहेत, यात मला मोठी माया दिसली.

गावात ओरान्मियान या पुराणप्रसिद्ध राजाचा दंड म्हणतात तो सुमारे साडेपाच मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा खांब आहे, त्यात लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. राजवाड्याजवळच्या संग्रहालयात इफेच्या प्रसिद्ध शिल्पांची ओळख होते. बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान तांब्याच्या मिश्रधातूत ओतलेले इथले मानवी चेहरे इतके जिवंत आहेत की १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने, हे काम आफ्रिकी माणसांचे नसून हरवलेल्या अटलांटिसच्या ग्रीकांचे असावे, असे लिहिले. पुढे १९३८ साली राजवाड्यालगत घराचा पाया खणताना असे डझनभराहून अधिक चेहरे सापडले आणि ती कल्पना मागे पडली. हे सांगताना बाबांचा आवाज चढला होता आणि तो चढायलाच हवा होता.

दुपारनंतर आम्ही ओके इतासे या टेकडीवर गेलो. इफाचे हे मुख्य पीठ. जून महिन्यात इथे जगभरातून इफाचे उपासक जमतात. इफा म्हणजे भविष्य पाहण्याची विद्या असे सरसकट लिहिले जाते, ते अपुरे आहे. ओरुन्मिला हा त्याचा देव, आणि ज्याला ती विद्या येते तो 'बाबालावो', म्हणजे गूढाचा पिता. त्याच्यासमोर गेल्यावर 'आबोरू आबोये' असे अभिवादन करायचे असते. पुरुष जमिनीवर पालथे पडून आणि स्त्रिया गुडघे टेकून वडिलांना नमस्कार करतात. मीही गुडघे टेकले.

प्रश्न बाबालावोला सांगायचा नसतो, नोटेजवळ तोंड नेऊन तिच्याशी पुटपुटायचा असतो. मी नायराच्या एका नोटेला माझा प्रश्न सांगितला. त्यांनी ओपेले हातात घेतले. ही एक साखळी असते, तिच्यात बियांची आठ अर्धी टरफले, दोन्ही बाजूंना चार-चार, गुंफलेली असतात. साखळी मधोमध धरून चटईवर टाकली की प्रत्येक टरफल उताणे पडते किंवा पालथे, आणि त्यावरून एका बाजूला सोळापैकी एक आकृती मिळते. दोन्ही बाजू मिळून सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६. या प्रत्येकीला ओदू म्हणतात आणि प्रत्येक ओदूखाली कथाकाव्यांचा मोठा साठा असतो. गंभीर प्रसंगी साखळीऐवजी पामच्या सोळा बिया वापरतात. त्या दोन्ही हातांत घोळवून एका हाताने उचलल्यावर मागे एक उरली तर लाकडी थाळीतल्या पिठीवर दोन रेघा आणि दोन उरल्या तर एक रेघ ओढतात, आणि असे आठ वेळा करतात.

साखळी पडली आणि बाबालावो म्हणू लागले. इथे ऐकणाऱ्याचे काम सुरू होते. ते एकामागून एक कविता म्हणत जातात. त्यातली आपली कोणती हे आपण ओळखायचे. आमच्या गावी गुरव पाषाणाला तांदळाचे दाणे किंवा पाकळ्या लावून कौल घेतो तेव्हा उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. इथे उत्तर म्हणून गोष्ट येते आणि तिच्यात स्वतःला शोधावे लागते. माझा प्रश्न आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ राहू द्यावे असे मला वाटते. उपाय मात्र सांगण्यासारखा आहे: अंगणातल्या मुलांना आकारा खाऊ घालायचा. आकारा म्हणजे सोललेली चवळी वाटून पाम तेलात तळलेले वडे. कोपऱ्यावरच्या बाईकडून तीस वडे घेतले, मुलांनी ते उभ्या उभ्या संपवले आणि प्रत्येकाने हात पुसून 'आशे' म्हटले. 'आशे' म्हणजे तसे होवो, आणि तसे होण्यामागची शक्तीही. आमच्या मालवणी गाऱ्हाण्यातला 'व्हय म्हाराजा' मला त्या क्षणी स्पष्ट ऐकू आला.

दिवस चौथा, मंगळवार : इले-इफे

बाबालावोंनी सकाळी लवकर यायला सांगितले होते, कारण शिकणारी मुले शाळेला जाण्याआधी त्यांच्याकडे बसतात. सहा मुले, सर्वांत धाकटा आठ-नऊ वर्षांचा. गुरू एक ओळ म्हणतात, मुले ती म्हणतात. चुकले की तीच पुन्हा. हा प्रकार पाहून 'संथा' या शब्दाखेरीज दुसरा शब्द मला सुचला नाही. शिक्षण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक चालते, आणि २५६ ओदूंपैकी प्रत्येकातली काही पदे पाठ असल्याशिवाय कुणी स्वतःला बाबालावो म्हणवून घेत नाही. इफे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले प्राध्यापक वांदे अबिंबोला हे स्वतः बाबालावो. त्यांनी ही पदे मोठ्या प्रमाणावर लिहून काढली आणि अभ्यासली. युनेस्कोने इफाचा गौरव २००५ मध्ये जाहीर केला आणि २००८ मध्ये त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. तरीही गुरुजींचे मत असे की कागदावरचा ओदू झोपलेला असतो.

त्या सकाळी मुले ओगुंदा मेजी या ओदूतली एक कथा पाठ करत होती. बाबांनी ती मला ओळीओळीने समजावली. जन्माला येण्यापूर्वी प्रत्येकाने अजाला नावाच्या कुंभाराकडून आपले 'ओरी', म्हणजे आतले डोके, आपले प्राक्तन, निवडून घ्यायचे असते. अजाला कसबी खरा, पण कर्जबाजारी आणि बेभरवशाचा. त्याच्या कोठारात कच्ची, तडकलेली, अतिभाजलेली अशी सगळी डोकी एकत्र पडलेली असतात. ओरिसेकू आणि ओरिलेमेरे हे दोन मित्र घाईने गेले आणि दिसायला सुरेख अशी डोकी उचलून निघाले. वाटेत पाऊस लागला आणि ती विरघळून झिजून गेली. तिसरा मित्र, ओरुन्मिलाचा मुलगा आफुवापे, आधी वडिलांना भेटायला गेला. तिथे सांगितल्याप्रमाणे त्याने मीठ आणि पैसे बरोबर घेतले. वाटेतला द्वारपाल मिठाऐवजी राख घालून रस्सा शिजवत होता. आफुवापेने त्याला मीठ दिले. ती चव आवडल्याने द्वारपाल त्याच्यासोबत गेला. सावकाराच्या भीतीने आढ्याला दडून बसलेल्या अजालाचे कर्ज आफुवापेने फेडले आणि अजालाने लोखंडी दांडक्याने ठोकून ठोकून, खणखणीत आवाज देणारे पक्के डोके त्याला निवडून दिले. मडके ठोकून घ्यावे हे मला आजीने शिकवले होते. नशीबही तसेच घ्यावे हे इथे आठ वर्षांचा मुलगा सुरात सांगत होता.

दुपारी एशूचा विषय निघाला आणि तो बराच वेळ चालला. एशू हा वाटांचा, चव्हाट्यांचा आणि बाजारांचा देव. माणसांनी केलेले दान देवांपर्यंत तोच पोहोचवतो, म्हणून कोणत्याही विधीत पहिला वाटा त्याचा. त्याच्या खडबडीत जांभ्या दगडावर पाम तेल ओततात. तो परीक्षा घेतो, माणसांत गैरसमज घडवतो, पण दुष्टत्वाचे मूळ असा काही अर्थ त्याच्यात नाही. सॅम्युएल अजायी क्राउदर हा योरुबा मुलगा १८२१ मध्ये गुलाम म्हणून पकडला गेला, इंग्रजी आरमाराने त्याला सोडवले आणि पुढे तो अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. बायबलचे योरुबा भाषांतर हे त्याचे थोर काम, पण त्या भाषांतरात सैतानाला शब्द योजला गेला 'एशू'. गेली दीडशे वर्षे योरुबा मुले प्रार्थनेत आपल्याच एका देवाचा धिक्कार करत वाढत आहेत. एका शब्दाच्या निवडीने एवढा अन्याय होऊ शकतो, हे भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला फार लागले. आता 'एशू म्हणजे सैतान नव्हे' असे सांगणारी तरुण मुले पुढे येत आहेत ही चांगली गोष्ट आहे.

दिवस पाचवा, बुधवार : ओशोग्बोची राई

इफेहून ओशोग्बोला पोहोचायला दीड तास लागला. राईच्या वेशीवर मोटार सोडली आणि आत पाऊल टाकताच हवेतला गारवा बदलला. ही राई ७५ हेक्टरांची आहे. दक्षिण नायजेरियात मूळ घनदाट जंगलाचे जे थोडे तुकडे उरले आहेत त्यांपैकी ही एक. इथे शिकार, मासेमारी आणि वृक्षतोड यांना बंदी आहे, त्यामुळे मोना जातीची माकडे निर्धास्तपणे डोक्यावरून उड्या मारत जातात. आत सुमारे ४० देवस्थाने आहेत आणि त्यांच्यामधून ओशुन नदी संथपणे वळणे घेत जाते. ओशुन ही नदी आणि ओशुन हीच देवी: गोड्या पाण्याची, अपत्यांची, सौंदर्याची, पितळेची आणि मधाची.

कथा अशी की इपोले गावचे लारोये आणि तिमेहिन पाणी शोधत इथे आले. त्यांनी तोडलेले एक झाड नदीत पडले आणि पाण्यातून आवाज आला, "रानातल्या मांत्रिकांनो, माझी रंगाची मडकी फोडलीत की!" त्या हाकेतल्या 'ओशो इग्बो' या शब्दांवरून गावाचे नाव पडले. पुढे लारोये आणि देवी यांच्यात करार झाला: त्याने वस्ती राईबाहेर न्यायची आणि दरवर्षी पूजा करायची, तिने गावाचे रक्षण करायचे. नैवेद्य पाण्यात सोडताच एक मासा त्याच्या पसरलेल्या हातांवर आला, म्हणून इथल्या राजाला 'अताओजा' म्हणतात, हात पसरून मासा घेणारा.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा करार जवळजवळ मोडला होता. देवस्थाने ढासळली होती, मूर्ती चोरीला जात होत्या, झाडे तोडली जात होती. त्या काळात सुझान वेंगर ही ऑस्ट्रियात ग्राट्स शहरी १९१५ साली जन्मलेली चित्रकार इथे आली. ती १९५० मध्ये पतीबरोबर नायजेरियात आली होती, क्षयाने आजारी पडली, ओबातालाच्या एका पुजाऱ्याकडून तिने दीक्षा घेतली आणि ती इथलीच झाली. लोकांनी तिचे नाव 'अदुन्नी' ठेवले. गवंडी, सुतार आणि लोहार यांच्यातून तिने कारागीर उभे केले. अदेबिसी अकांजी यांच्यासारखे पूर्वीचे गवंडी पुढे शिल्पकार म्हणून नावाजले. माती आणि सिमेंट यांतून त्यांनी घडवलेली शिल्पे झाडांच्या बुंध्यांतून उगवल्यासारखी दिसतात. बायकांच्या हस्तव्यवसायांची, कुंभारकामाची आणि रंगकामाची देवता इया मोओपो हिची अजस्र मूर्ती पाहताना मान दुखू लागली, तरी मी तिथून हलले नाही. राई १९६५ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली आणि २००५ मध्ये जागतिक वारसा.

एक परदेशी बाई येऊन देव वाचवते, ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात थोडी अढी होती. बाबांनी ती काढली. ते म्हणाले, पूजा करणाऱ्या पुजारिणी तिच्या आधीही होत्या आणि नंतरही आहेत. तिने भिंती उभारल्या, त्यामुळे जमीन विकणाऱ्यांना आत शिरता आले नाही. एका शिल्पापाशी दोन कारागीर बसून भेगांत सिमेंट भरत होते. पाऊस, शेवाळ आणि मुळे दरवर्षी शिल्पांना नवी भेग पाडतात, म्हणून हे काम कधी संपत नाही.

दिवस सहावा, गुरुवार : ओशोग्बो

सकाळी ओशुनच्या एका ज्येष्ठ पुजारिणीला भेटले. इफा मुख्यत्वे पुरुषांच्या हाती असला तरी सोळा कवड्यांची विद्या ओशुनची, आणि ती पुजारिणी चालवतात. कवड्या फेकल्यावर किती तोंडे वर आली ते मोजतात आणि त्या संख्येची पदे म्हणतात. तिने मला एक कथा सांगितली. आरंभी सतरा ओरिशा, म्हणजे देव, पृथ्वीवर आले. सोळा पुरुष आणि एकटी ओशुन. सोळा जणांनी तिला कशात घेतले नाही, तेव्हा पाऊस पडेना, काही सुफळ होईना. तक्रार घेऊन ते ओलोदुमारेकडे गेले, तर त्याने एवढेच विचारले, "सतरावी कुठे आहे?" त्यांना परत येऊन तिची क्षमा मागावी लागली.

नदीचे पाणी तांबूस, गढूळ दिसत होते. वरच्या बाजूला सोन्यासाठी बेकायदा खाणकाम चालते, त्याचा हा परिणाम. हे पाणी पिऊ नये, असे सरकारनेच उत्सवापूर्वी सांगितलेले आहे. पुजारीण म्हणाली, आईला कुणी घाण घातली म्हणून मुले आईला सोडत नाहीत. पण ते बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती.

दिवस सातवा, शुक्रवार : अरुग्बा

उत्सव बारा दिवस चालतो. सोळा ज्योतींचा दिवा लावण्याची रात्र आणि पूर्वीच्या अताओजांचे मुकुट एकत्र मांडून त्यांना आशीर्वाद देण्याचा दिवस आम्ही येण्याआधीच होऊन गेले होते. आजचा दिवस शेवटचा आणि सर्वांत मोठा. पहाटेपासून रस्ते पांढऱ्या कपड्यांनी भरले. ब्राझील, क्युबा आणि अमेरिका इथून आलेले उपासक त्यात होते. ब्राझीलच्या एका बाईला मी इफेतल्या आकाराविषयी सांगितले, तेव्हा तिने माझा हात धरला. बाहियात हेच वडे 'अकाराजे' नावाने विकले जातात आणि देवीलाही दाखवले जातात. सात-आठ पिढ्यांपूर्वी साखळदंडांत गेलेल्या माणसांबरोबर चवळीच्या वड्याची कृती समुद्रापार पोहोचली होती आणि आज त्यांची पणतवंडे मूळ नदीला भेटायला आली होती.

अरुग्बा म्हणजे कलश वाहणारी. राजघराण्यातली कुमारिका देवीच्या नैवेद्याचा मोठा भोपळ्याचा कलश डोक्यावर घेऊन राजवाड्यापासून राईपर्यंत चालते. ती अडखळली तर गावासाठी ते अशुभ, म्हणून तिच्याभोवती पुजारिणी आणि तरुण मुले कडे करून चालतात. तरुणांच्या टोळ्या लांब छड्यांनी एकमेकांना फटके मारतात, तोही विधीचाच भाग. आठ-नऊ वाजल्यापासून आम्ही राईच्या वाटेवर उभे होतो. आधी ढोल ऐकू आले, मग 'ओरे येये ओ' हा घोष, म्हणजे कृपाळू माते, आणि मग गर्दी फाकत गेली. भरजरी वस्त्राखाली झाकलेला कलश, त्याच्याखाली एका मुलीचा गंभीर, घामेजलेला चेहरा. तिचे डोळे कुणाकडेही पाहत नव्हते. आजूबाजूची माणसे हात डोक्याभोवती ओवाळून आपापली दुःखे तिच्या दिशेने टाकत होती आणि मनातले मागणे पुटपुटत होती. माझ्या शेजारची बाई अपत्यासाठी आली होती. तिच्या गळ्यात क्रूस होता.

राईत अताओजा पूर्वजांच्या दगडी आसनावर बसले. सध्याच्या अताओजांचे नाव जिमो, शुक्रवारच्या नमाजाशी जोडलेले मुस्लिम नाव. कुणाला त्यात विसंगती वाटत नव्हती. ही सहिष्णुता सगळीकडे आहे असे मात्र नाही. इलोरिन शहरात २०२३ मध्ये जुन्या धर्माचा उत्सव घेऊ पाहणाऱ्यांना विरोध झाला आणि तो होऊ शकला नाही. त्याच वर्षी लागोस, ओयो आणि ओगुन राज्यांनी ओशुन राज्याप्रमाणे 'इसेसे' म्हणजे परंपरेच्या दिवसासाठी ऑगस्टमध्ये सुट्टी जाहीर केली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अरुग्बा मंदिरात गेली, कलश उतरला, नैवेद्य नदीला मिळाला. त्यानंतर हजारो माणसे बाटल्या, कॅन आणि भोपळ्याची भांडी घेऊन काठावर उतरली. कालची पुजारीण तिथे उभी होती. तिने माझ्या ओंजळीत पाणी ओतले आणि मी ते डोळ्यांना लावले. प्यायले नाही, आणि तिनेही पी असे म्हटले नाही.

रात्री राईकडे पुन्हा एकदा गेलो. मंदिरासमोरचे अंगण पाण्याच्या पिशव्या, चुरगळलेली पाने आणि पायाखाली आलेल्या बाटल्यांनी भरले होते. चार म्हाताऱ्या बायका कंदिलाच्या उजेडात पामच्या हिरांच्या खराट्यांनी ते झाडत होत्या, झाडताना त्यांच्यापैकी एक देवीचे पद म्हणत होती आणि बाकीच्या ओळीच्या शेवटी साथ देत होत्या. भिंतीला आणखी एक खराटा टेकवून ठेवलेला होता. मी बाबांकडे पाहिले, त्यांनी त्या बायकांना काहीतरी विचारले आणि मग मला म्हणाले, "दरवाज्याकडून नदीकडे झाडायचे, उलटे नाही."